पासपोर्टचा क्रमांक बदलला तेव्हा: सुझोऊतील एका मराठी कुटुंबाचे प्रकरण

एप्रिल २०२४ च्या अखेरीस सुझोऊ येथे नोकरी करणाऱ्या एका मराठी अभियंत्याने शांघायच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून आपला नवा पासपोर्ट ताब्यात घेतला. जुन्या पासपोर्टची मुदत संपायला अजून काही महिने होते, निवास परवाना वैध होता, आणि नोकरी, घर, मुलीची शाळा यांत काहीही बदलणार नव्हते. तरीही पुढचे सुमारे दोन महिने या कुटुंबाला फोन, बँक, मोबाइलवरची पेमेंट, रेल्वेचे तिकीट आणि प्राप्तिकर अशा अनेक ठिकाणी खेटे घालावे लागले. यात कोणी कायदा मोडला नव्हता आणि कोणी मुद्दाम अडवणूकही केली नव्हती. कामे सगळी करायचीच होती, पण त्यांतली काही आधीची नंतर आणि नंतरची आधी झाली, आणि बहुतेक मनस्ताप त्यातून उद्भवला. कुटुंबाची ओळख तसेच संबंधित बँक, मोबाइल कंपनी आणि नोकरीची कंपनी यांची नावे येथे दिलेली नाहीत.

सुझोऊ हे जिआंगसू प्रांतातील शहर शांघायच्या पश्चिमेला आहे आणि वेगवान रेल्वेने तेथे साधारण अर्ध्या तासात पोहोचता येते. जून २०२३ मध्ये सुझोऊ मेट्रोची ११ क्रमांकाची मार्गिका सुरू झाली आणि ती शांघाय मेट्रोच्या ११ क्रमांकाच्या मार्गिकेला हुआछियाओ येथे जोडली गेल्यामुळे आता एका शहरातून दुसऱ्या शहरात मेट्रोनेही जाता येते, मात्र त्याला वेळ बराच लागतो. जिनजी सरोवराभोवती वसलेली औद्योगिक वसाहत १९९४ मध्ये चीन आणि सिंगापूर यांच्या सहकार्याने उभी राहिली, आणि तेथील परदेशी कंपन्यांमुळे या भागात परदेशी कुटुंबांची वस्ती चांगली आहे. शांघायच्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात शांघाय शहराबरोबर जिआंगसू आणि झेजियांग हे प्रांतही येतात. त्यामुळे पासपोर्टचे काम या कुटुंबासाठी एका दिवसाच्या फेरीचे होते, आणि सगळ्या प्रकरणातला तो सर्वांत सोपा भाग ठरला.

अवघड भाग समजण्यासाठी आधी कायद्याची चौकट पाहावी लागते. परदेशी नागरिकांचे येणे, जाणे आणि राहणे यांचे नियमन करणारा चीनचा कायदा १ जुलै २०१३ पासून लागू आहे. हॉटेल वगळता इतरत्र राहणाऱ्या परदेशी व्यक्तीने मुक्कामाला आल्यापासून २४ तासांच्या आत पोलिसांकडे वास्तव्याची नोंद करावी, असे त्याच्या ३९ व्या कलमात म्हटले आहे. नोकरीसाठीचा व्हिसा घेऊन आलेल्याने ३० दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. निवास परवान्यावर नोंदलेली कोणतीही बाब बदलली, तर ३३ व्या कलमानुसार १० दिवसांच्या आत बदलाचा अर्ज द्यावा लागतो, आणि पासपोर्टचा क्रमांक ही अशीच एक बाब आहे. हे न केल्यास ताकीद मिळू शकते आणि २,००० युआनपर्यंत दंडही होऊ शकतो. रक्कम मोठी नसली, तरी पुढे परवाना वाढवून घेताना अशी नोंद आपल्या नावावर असणे कोणालाही परवडणारे नसते. त्याखेरीज, कामगार म्हणून मिळालेल्या कार्य परवान्यावरील पासपोर्टचा तपशील बदलण्याची जबाबदारी मालक कंपनीवर असते आणि त्यासाठी कामकाजाच्या १० दिवसांची मुदत असते.

ही झाली सरकारी बाजू. रोजच्या जगण्याला भिडणारी बाजू वेगळी आहे. चिनी नागरिकाला १८ अंकी ओळख क्रमांक मिळतो आणि तो जन्मभर तोच राहतो. सिम कार्ड, बँक खाते, मोबाइलवरून पैसे देण्याची वीचॅट आणि अलीपे ही ॲप, रेल्वेचे खाते, करदात्याची नोंद या सर्वांच्या मुळाशी तोच असतो. आपल्याकडे आधार क्रमांकाभोवती जी रचना उभी राहिली आहे, तिच्या जवळ जाणारी ही व्यवस्था आहे. परदेशी माणसाला मात्र असा कायमचा क्रमांक नसतो, आणि त्या जागी त्याच्या पासपोर्टचा क्रमांक भरला जातो. भारतीय प्रौढ नागरिकाचा पासपोर्ट १० वर्षे चालतो आणि नव्या पासपोर्टला नवा क्रमांक मिळतो. म्हणजे दहा वर्षांतून एकदा तोच माणूस, तोच पत्ता आणि तीच नोकरी असूनही संगणकाच्या लेखी वेगळी व्यक्ती जन्माला येते. कायमस्वरूपी निवासाचे कार्ड मिळालेल्या परदेशी व्यक्तींची यातून सुटका झाली आहे, कारण १ डिसेंबर २०२३ पासून दिल्या जाणाऱ्या नव्या कार्डावर १८ अंकी क्रमांक असतो. पण ते कार्ड मिळणे सोपे नाही आणि नोकरीनिमित्त गेलेली बहुसंख्य भारतीय कुटुंबे त्याच्या वाटेला जात नाहीत.

ओळखीच्या पडताळण्या पूर्वीही होत्या. अलीकडच्या वर्षांत त्या अधिक काटेकोर झाल्या. डिसेंबर २०१९ पासून नवे सिम कार्ड घेताना चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. दूरध्वनी आणि इंटरनेटवरील फसवणुकीविरुद्धचा कायदा १ डिसेंबर २०२२ रोजी लागू झाल्यानंतर बँका आणि मोबाइल कंपन्या खातेदाराच्या ओळखीबाबत फार सावध झाल्या. खात्यावरील नाव, ओळखपत्राचा क्रमांक आणि मोबाइल क्रमांक ही तिन्ही बँकेकडे आणि मोबाइल कंपनीकडे तंतोतंत सारखी असली तरच पडताळणी पूर्ण होते. यांतील एक जरी निराळे असले तरी यंत्रणा नकार देते, आणि तो नकार नेमका कशामुळे आला हे बहुतेक वेळा सांगत नाही.

या गृहस्थांची पहिली नोकरी शेनझेनमध्ये होती. तेव्हा तेथे घेतलेला मोबाइल क्रमांक त्यांनी सुझोऊला आल्यावरही बदलला नाही. बँक खाते सुझोऊतले होते, पण त्याला जोडलेला मोबाइल शेनझेनचा होता. क्रमांक जुना, सगळ्यांना ठाऊक, शाळेच्या गटापासून घरमालकापर्यंत सर्वत्र दिलेला, त्यामुळे तो बदलण्याची गरज कधी जाणवली नव्हती. पासपोर्ट बदलेपर्यंत त्यात काही बिघडलेही नाही.

दुसरी गोष्ट नावाची. महाराष्ट्रातल्या असंख्य पासपोर्टांप्रमाणे त्यांच्याही पासपोर्टमध्ये आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचे नाव व वडिलांचे नाव दुसऱ्या रकान्यात होते. चीनमध्ये हे तीन पदरी नाव ठिकठिकाणी वेगवेगळ्या रीतीने नोंदले जाते. कोणी आडनाव आधी घेतो, कोणी शेवटी. कोणी मधली रिकामी जागा ठेवतो, कोणी सगळी अक्षरे सलग लिहितो. आणि रकाना पुरला नाही की वडिलांचे नाव अर्ध्यात तुटते. या त्रासाला कंटाळून गृहस्थांच्या मनात नव्या पासपोर्टमधून वडिलांचे नाव वगळावे असा विचार होता. पत्नीने आणि कार्यालयातील मनुष्यबळ विभागाने त्यांना त्यापासून परावृत्त केले. हा निर्णय या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा होता, असे माझे मत आहे. क्रमांक बदलला तर जुना आणि नवा पासपोर्ट एकत्र दाखवून माणूस एकच आहे हे सिद्ध करता येते. त्याच वेळी नावही बदलले असते, तर प्रत्येक खिडकीवर प्रमाणपत्राची मागणी झाली असती, आणि भारतात केलेले असे प्रमाणपत्र चीनमध्ये चालवायचे तर पुन्हा साक्षांकनाची लांबलचक साखळी पार करावी लागते. एका देशाचे कागद दुसऱ्या देशात एकाच प्रमाणपत्रावर ग्राह्य धरणाऱ्या अपोस्टिल करारात चीन नोव्हेंबर २०२३ पासून सामील असला, तरी भारत आणि चीन यांच्यात तो करार लागू होत नाही, ही बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही.

नवा पासपोर्ट हातात आला तो दिवस होता शुक्रवार, २६ एप्रिल. पासपोर्ट तयार असल्याचा निरोप आधीच आला होता, पण ते सवडीने शांघायला गेले. १ ते ५ मे ही कामगार दिनाची सलग सुटी होती आणि तिच्या भरपाईसाठी २८ एप्रिलचा रविवार कामाचा दिवस जाहीर झालेला होता. म्हणजे दहा दिवसांच्या मुदतीतले पाच दिवस सुटीतच जाणार होते आणि हातात खऱ्या अर्थाने रविवार, सोमवार आणि मंगळवार एवढेच दिवस होते. पासपोर्टवर छापलेली तारीख तो हातात पडण्याच्या तारखेपेक्षा आधीची असते, हेही येथे लक्षात घ्यायला हवे, कारण मुदत कुठून मोजायची यावर खिडकीपाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. १२३६७ हा चीनच्या स्थलांतर प्रशासनाचा दूरध्वनी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे इंग्रजीतही बोलता येते. गृहस्थांनी शुक्रवारी संध्याकाळीच त्यावर चौकशी केली आणि मंगळवारपर्यंत अर्ज देणे श्रेयस्कर, हे ठरवून टाकले.

हा टप्पा व्यवस्थित पार पडला. शनिवारी वस्तीतल्या पोलीस ठाण्यात जाऊन नव्या पासपोर्टवर वास्तव्याची नोंद करून घेतली. घराच्या भाडेकरारावर जुना क्रमांक होता. दोन्ही पासपोर्ट समोर ठेवल्यावर ठाणे अंमलदाराने ते चालवून घेतले. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आधीच्या पासपोर्टचा क्रमांक, तारीख आणि ठिकाण छापलेले असते. ते पान या कुटुंबाला पुढे जवळजवळ प्रत्येक खिडकीवर उपयोगी पडले. दूतावासाने रद्द केल्याची खूण करून परत दिलेला जुना पासपोर्ट निकामी समजून भारतात घरी पाठवणारी माणसे आहेत, पण निवास परवान्याचा कागद त्यातच चिकटवलेला असतो आणि दुवा सिद्ध करणारा मूळ पुरावाही तोच असतो. रविवारी कंपनीने कार्य परवान्यातील बदल ऑनलाइन सादर केला आणि मंगळवारी, ३० एप्रिल रोजी, निवास परवान्यातील बदलाचा अर्ज दाखल झाला. बदलाचे शुल्क २०० युआन होते. (डिसेंबर २०२४ पासून कार्य परवाना सामाजिक सुरक्षा कार्डाशी जोडला गेला आहे, त्यामुळे आज हे काम करणाऱ्याला त्या वेळचे वेगळे कार्ड दिसणार नाही.)

अर्ज घेताना कार्यालयाने नवा पासपोर्ट ठेवून घेतला आणि छायाचित्र असलेली पोचपावती दिली. या पावतीच्या मुदतीत चीनमध्ये कायदेशीररीत्या राहता येते. कायद्यानुसार १५ दिवसांच्या आत निर्णय होतो. परंतु पावती म्हणजे पासपोर्ट नव्हे. बँक आणि मोबाइल कंपनी यांना मूळ पासपोर्टच लागतो, त्यामुळे मधल्या काळात तिथली कोणतीही नोंद बदलता येत नाही. गृहस्थांनी सुटीत हांगझोऊला जाण्यासाठी पंधरवडाभर आधी, म्हणजे विक्री सुरू होताच, रेल्वेची तिकिटे काढली होती आणि त्यांचे स्वतःचे तिकीट जुन्या क्रमांकावर होते. रद्द झालेल्या पासपोर्टवर प्रवेशद्वारापाशी काय होईल याची खात्री नसल्यामुळे त्यांनी तिघांचीही तिकिटे परत केली. गाडी सुटायला ४८ तासांहून अधिक अवधी होता, म्हणून ५ टक्के कपातीवर भागले. मुलीचा विरस झाला, एवढेच खरे नुकसान.

मे महिन्याच्या मध्यावर पासपोर्ट परत मिळाला आणि येथून घडी विस्कटली. गृहस्थ प्रथम बँकेत गेले. त्यांचा विचार असा होता की पगार बँकेत येतो, तेव्हा बँक सर्वांत महत्त्वाची. बँकेने दोन्ही पासपोर्ट, नवा निवास परवाना आणि कंपनीचे पत्र पाहून खात्यावरील पासपोर्टचा क्रमांक बदलला. त्या दिवसापासून बँकेकडे नवा क्रमांक, मोबाइल कंपनीकडे जुना आणि वीचॅट पेकडेही जुना अशी स्थिती झाली. दुसऱ्याच दिवशी वीचॅटने नव्याने ओळख पडताळणी मागितली, अलीपेने त्याच बँक कार्डावरचे पेमेंट नाकारले, आणि पडताळणीसाठी नवा पासपोर्ट दिला की मोबाइलची नोंद जुळत नाही म्हणून तोही प्रयत्न फसू लागला. बँकेला महत्त्व असले तरी पडताळणीच्या दृष्टीने ती मूळ नाही. तिच्या आधी सिम कार्ड येते, कारण बँक स्वतः मोबाइल कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहते. बँकेतील काम आठवडाभर पुढे ढकलले असते तर काहीही बिघडले नसते, कारण बँकेच्या नोंदीत जुन्या पासपोर्टची मुदत सप्टेंबरपर्यंत होती.

मग मोबाइलचे दुकान गाठले. दुकान म्हणजे कंपनीचे स्वतःचे अधिकृत केंद्र. रस्त्यावरच्या फ्रँचायझी दुकानात परदेशी पासपोर्टची कामे सहसा होत नाहीत. तेथे कळले की हा क्रमांक शेनझेन ज्या प्रांतात आहे त्या ग्वांगडाँगमधला आहे आणि परदेशी ग्राहकाच्या ओळखपत्रातील बदल या केंद्रातून करता येणार नाही. मोबाइल कंपन्यांचे कामकाज प्रांतवार चालते, आणि क्रमांक देशभर चालत असला तरी त्याची नोंद ज्या प्रांतात तो घेतला तेथेच असते. गृहस्थांपुढे तीन वाटा होत्या. स्वतः शेनझेनला जाऊन यायचे, ग्राहक सेवेकडे तक्रार नोंदवून दूरस्थ बदलाची वाट पाहायची, किंवा सुझोऊत नवा क्रमांक घेऊन सगळी खाती त्यावर आणायची. शेनझेनला जाण्यात एक-दोन दिवसांची रजा आणि विमानाचा खर्च होता, पण जुना क्रमांक जसाच्या तसा राहिला असता. दुसऱ्या वाटेला मुदत नव्हती. तिसरी वाट कष्टाची होती, तरी पुढच्या प्रत्येक कामासाठी केंद्र घराजवळ येणार होते.

त्यांनी तिसरी वाट निवडली. कार्यालयातील एका चिनी सहकाऱ्याचा सल्ला शेनझेनला जाण्याचा होता आणि तोही चुकीचा म्हणता येणार नाही. ज्याच्या जुन्या क्रमांकावर धंद्याचे ग्राहक अवलंबून आहेत त्याने तेच करावे. पण ज्याला त्याच शहरात आणखी काही वर्षे राहायचे आहे आणि ज्याचे बँक खाते त्या शहरात आहे, त्याने मोबाइल क्रमांकही त्याच शहराचा ठेवावा, हे मत मी या प्रकरणानंतर अधिक ठामपणे मांडेन. शहर बदलले की पहिल्या महिन्यातच हे करून टाकावे, तेव्हा त्याला एका सकाळचा वेळ पुरतो.

नवे सिम मिळाले, तरी प्रश्न सुटला नाही. बँकेत नवा मोबाइल क्रमांक नोंदवताना पडताळणी पुन्हा नाकारली गेली. यावेळी पासपोर्टचा क्रमांक दोन्हीकडे बरोबर होता. बँकेच्या कर्मचारी मुलीने तिच्या पडद्यावरील नोंद आणि मोबाइलच्या पावतीवरील नाव शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा दिसले की बँकेत आडनाव, नाव आणि वडिलांचे नाव अशा क्रमाने, मध्ये एकेक जागा सोडून लिहिले आहे. मोबाइल कंपनीकडे नाव आधी, आडनाव शेवटी, आणि वडिलांच्या नावाची शेवटची अक्षरे गायब आहेत. पासपोर्टच्या छायाचित्राच्या पानाच्या तळाशी यंत्राने वाचण्याच्या दोन ओळी असतात आणि त्यांतील पहिल्या ओळीत आडनाव प्रथम येते. तोच क्रम सगळीकडे धरला, तर जुळण्याची शक्यता सर्वाधिक असते. गृहस्थांनी कागदावर मोठ्या अक्षरांत नाव त्या क्रमाने लिहून मोबाइल केंद्राला दिले आणि नोंद दुरुस्त करून घेतली. प्रत्येक ठिकाणी नोंद झाल्यावर पडद्यावरचे किंवा पावतीवरचे नाव डोळ्यांनी वाचून मगच खिडकी सोडावी, ही सूचना ऐकायला क्षुल्लक वाटते. पण येथे एका जागेवरच्या चुकलेल्या नावाने चार दिवस खाल्ले.

सिम आणि बँक जुळल्यावर बाकीचे मार्गी लागले. अलीपेने नव्या पासपोर्टचे छायाचित्र घेऊन तपासणीनंतर ओळख बदलली. वीचॅट पेमध्ये मात्र आधी शिल्लक रक्कम बँकेत काढून, जुने कार्ड वेगळे करून, नव्याने पडताळणी करावी लागली. रेल्वेच्या खात्यातील बदल स्थानकावरील खिडकीत झाला.

या पंधरा-वीस दिवसांत घर कसे चालले, हे सांगणे आवश्यक आहे, कारण चीनच्या शहरात मोबाइलवरून पैसे देता येईनासे झाले की भाजीपासून मेट्रोपर्यंत सगळीकडे अडखळायला होते. पत्नी कुटुंबसदस्य म्हणून मिळणाऱ्या निवास परवान्यावर राहतात आणि नोकरी करत नाहीत. अशा व्यक्तीचे खाते उघडायला बँका का-कू करतात. त्यांनाही आधी नकार मिळाला होता, पण चिकाटीने दुसऱ्या शाखेत विचारून त्यांनी स्वतःच्या पासपोर्टवर, स्वतःच्या सुझोऊतल्या सिमवर, एक खाते उघडून ठेवले होते. पतीच्या खात्यापासून पूर्णपणे स्वतंत्र असलेल्या त्या खात्यावर दूध, भाजी, शाळेची बस आणि विजेचे बिल निभावले. गृहस्थांनी आपल्या फोनवर भारतातले एक आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड अलीपेला जोडून पाहिले असते तर तेही चालले असते, परंतु त्या दिवसांत त्यांची ओळख पडताळणीच अडकली होती, म्हणून त्याच कार्डावर पत्नीच्या नावाने मिळालेले दुसरे कार्ड पत्नीच्या अलीपेत जोडले गेले. परदेशी कार्डावर २०० युआनपर्यंतच्या प्रत्येक व्यवहाराला वेगळे शुल्क नव्हते आणि त्याहून मोठ्या व्यवहाराच्या पूर्ण रकमेवर ३ टक्के लागत, त्यामुळे त्यांनी मोठी खरेदी टाळली. रोख पैसे नाकारणे चीनमध्ये नियमबाह्य आहे, आणि कोपऱ्यावरच्या फळवाल्यांनी रोख घेतलीही. अडचण सुट्ट्या पैशांची होती, कारण त्यांच्या गल्ल्यात सुटे क्वचितच असत. दहा आणि पाच युआनच्या नोटांचा एक पुडका घरी ठेवण्याची सवय या कुटुंबाला तेव्हापासून लागली.

प्रकरणाचा सर्वांत बोधप्रद भाग मात्र सगळे सुरळीत झाल्यासारखे वाटल्यावर पुढे आला. मे महिन्याच्या पगारातून कापलेला कर अचानक कमी दिसला. गृहस्थांना प्रथम यात काही गैर वाटले नाही. कंपनीच्या लेखापाल बाईंनी जून महिन्याचे पत्रक भरताना प्रणालीत त्याच माणसाच्या दोन नोंदी पाहिल्या, तेव्हा कारण उलगडले. मे महिन्यात नवा पासपोर्ट आल्यावर कार्यालयातील कोणीतरी जुन्या कर्मचाऱ्याचा क्रमांक बदलण्याऐवजी नव्या क्रमांकाने नवा कर्मचारी जोडला होता.

याचा परिणाम कसा होतो हे आकड्यांतून नीट दिसते. चीनमध्ये निवासी करदात्याच्या पगारावरील कर २०१९ पासून वर्षाच्या सुरुवातीपासूनच्या एकत्रित रकमेवर मोजून कापला जातो. वजावटी गेल्यावर पहिल्या ३६,००० युआनवर ३ टक्के, त्यापुढे १,४४,००० पर्यंत १० टक्के आणि त्यापुढे ३,००,००० पर्यंत २० टक्के असे टप्पे आहेत. समजा, वजावटीनंतर महिन्याचे करपात्र उत्पन्न ३०,००० युआन आहे. एप्रिलअखेर एकत्रित रक्कम १,२०,००० होते आणि मेअखेर १,५०,०००, म्हणजे मे महिन्याचा कर ३,६०० युआन व्हायला हवा. परंतु नव्या नोंदीत वर्ष जणू मे महिन्यातच सुरू झाले, त्यामुळे ३०,००० वर ३ टक्क्यांनी फक्त ९०० युआन कापले गेले. हातात जास्त पडलेले हे पैसे पुढील वर्षी १ मार्च ते ३० जून या काळातील वार्षिक हिशेबात परत द्यावे लागले असते, आणि दोन वेगळ्या नोंदी असताना तो हिशेब जुळवणे आणखी किचकट झाले असते. शिवाय परदेशात पैसे पाठवताना बँक कर भरल्याचे प्रमाणपत्र मागते. ते अर्धे एका क्रमांकावर आणि अर्धे दुसऱ्या क्रमांकावर निघाले असते. गृहस्थ आणि लेखापाल दोघेही दोन्ही पासपोर्ट घेऊन कर कार्यालयात गेले, दोन नोंदी एकत्र करून घेतल्या आणि मे महिन्याचा फरक भरून टाकला. हे काम एका भेटीत झाले. पण ते त्या लेखापाल बाईंच्या लक्षात आले म्हणून. गृहस्थांच्या फोनमधील कराचे ॲप त्यांना कोणताही इशारा देत नव्हते.

मागे वळून पाहता, कामांचा क्रम असा असायला हवा होता: पोलीस ठाणे, कंपनीकडून कार्य परवाना आणि करप्रणालीतील जुन्याच नोंदीत बदल, निवास परवाना, त्यानंतर सिम, मग बँक, मग पेमेंटची ॲप, आणि शेवटी रेल्वे, रुग्णालयाची नोंदणी, शाळा यांसारखी उरलेली ठिकाणे. भारतातील बँकांना नवा पासपोर्ट कळवण्याचे कामही यातच येते, पण त्याला घाई नसते. वेळेच्या निवडीबद्दल मात्र माझे मत गृहस्थांपेक्षा वेगळे आहे. त्यांच्या मते पासपोर्ट लवकर बदलला हे बरोबरच होते, फक्त मे महिन्याची सुटी आडवी आली. मला वाटते की निवास परवान्याच्या वार्षिक नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी नवा पासपोर्ट हातात येईल असा हिशेब धरला असता, तर बदल आणि मुदतवाढ एकाच अर्जात झाली असती आणि पासपोर्ट दोनदा कार्यालयात अडकून पडला नसता. त्यांचा परवाना सप्टेंबरमध्ये पुन्हा वाढवावा लागलाच, आणि तेव्हा पुन्हा पंधरवडाभर ते पोचपावतीवर राहिले.

शेनझेनचा जुना क्रमांक त्यांनी सर्वांत स्वस्त योजनेवर ठेवला आहे, कारण काही जुन्या खात्यांचे संदेश अजून त्यावर येतात आणि प्रत्येक खात्याचा शोध एकदम लागत नाही. महिन्यातून एकदा ते फोनमध्ये ते सिम घालतात, आलेला संदेश कोणाचा आहे ते पाहतात आणि त्या ठिकाणी नवा क्रमांक देतात.

पत्नीच्या पासपोर्टची मुदत पुढे संपणार आहे. त्यांच्या पासपोर्टमध्ये लग्नापूर्वीचे नाव आहे आणि ते तसेच ठेवायचे असे दोघांनी ठरवले आहे. त्यांचे सिम सुझोऊचे आहे, खाते सुझोऊचे आहे, आणि दोन्हीकडे नावाचा क्रम सारखा आहे की नाही हे त्यांनी आत्ताच तपासून घेतले आहे. बँकेत एक रिकामी जागा जास्त पडलेली निघाली, ती दुरुस्त झाली. अर्ज करताना चांद्र नववर्ष, कामगार दिन आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली राष्ट्रीय दिनाची सुटी टाळायची, पासपोर्ट सोमवारी किंवा मंगळवारी आणायचा आणि त्या पंधरवड्यात कोणतेही रेल्वेचे तिकीट काढायचे नाही, इतके त्यांनी घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवले आहे.